बायपासनंतर किती चालायचं?

बायपास झालेला माणूस घरी आला की सगळं घर त्याच्या दिमतीला लागतं. चहा पलंगावर, औषधं हातात, आणि जरा उठायला गेला की चारही बाजूंनी "अहो, पडून राहा ना!" यामागे माया असते हे खरंच, पण शरीरशास्त्र या मायेच्या बाजूने नाही.

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवलं गेलं. बेंग्ट सॉल्टिन, जेरे मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग होता. जीव तोडून श्रम करताना शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकतं, हे त्यांनी आधी आणि नंतर मोजलं. ही क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी पन्नाशीतल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी निघाली! धडधाकट पोरांची ही गत. मग छाती उघडलेल्या, रक्त गेल्याने हिमोग्लोबिन उतरलेल्या साठीच्या माणसाला महिनाभर पडून राहणं किती महागात पडेल?

बायपासमध्ये पायाची शीर काढून ती हृदयाला जोडण्याची पद्धत शल्यचिकित्सक रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला रुळवली. हल्ली छातीच्या आतली धमनीही वापरतात. या शस्त्रक्रियेने हृदयाच्या स्नायूला रक्ताचा नवा रस्ता मिळतो, पण धमन्यांत चरबी साचवणारा मूळ आजार अंगात राहतोच. थकलेले पाय आणि आखडलेले खांदेही तसेच राहतात. तिथे व्यायाम कामाला येतो. सरावलेला स्नायू रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेतो, म्हणून तोच जिना चढताना हृदयावर कमी ताण येतो. विश्रांतीतली नाडी संथ होते. हृदयाला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या सैलावण्याच्या वेळात. नाडी संथ म्हणजे हा वेळ जास्त. शिवाय रक्ताचा प्रवाह वाढला की धमनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि धमनी सैल पडते.

सुरुवात आयसीयूतच होते. फुफ्फुसांच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढायचा, छातीशी उशी धरून खोकायचं, खुर्चीत बसायचं, मग पॅसेजमध्ये चार पावलं. तारांनी बांधलेलं छातीचं हाड जुळायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर भरलेली बादली, नातवंडं, गॅसचा सिलिंडर यांना हात लावायचा नाही. कुशीवर वळून उठायचं, हातांवर भार टाकून नाही. मात्र हात अजिबात हलवायचेच नाहीत असा काहींचा समज असतो, त्याने खांदे धरतात. कोपर अंगाजवळ ठेवून हलकी कामं करायला सहसा हरकत नसते.

घरी आल्यावर खरी पंचाईत होते. डिस्चार्जच्या कागदावर 'नियमित चालणे' एवढंच असतं. गोळीपुढे मात्रा लिहितात, चालण्यापुढे का नाही? साधारणपणे सपाट जागी पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, अशी सुरुवात करून काही आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत जातात. किती जोरात, हे नाडीवरून ठरवायला जाऊ नये, कारण बीटा ब्लॉकर गोळ्या नाडी दाबून ठेवतात. त्यापेक्षा स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची, किती श्रम जाणवतात हे आकड्यात सांगणारी पट्टी बरी: ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता एक पाऊलही नको. रुग्णाने ११ ते १३ च्या आसपास राहायचं. आकडे नको असतील तर चालताना बोलून पाहावं. वाक्य धापेशिवाय पूर्ण झालं पाहिजे.

थांबताना मात्र एकदम थांबू नका. चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते अचानक थांबले की रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. शेवटची पाच मिनिटं रमतगमत चालावं. छातीत दाब, धडधड, नेहमीपेक्षा जास्त दम, हाडात 'कट्' असा आवाज किंवा जखमेतून स्राव, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१६ साली घेतला. व्यायामावर आधारित पुनर्वसनाने हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झाले आणि पुन्हा रुग्णालयात भरती होणंही घटलं. सर्व कारणांनी होणाऱ्या एकूण मृत्यूंत मात्र ठोस फरक दिसला नाही, हेही त्यातच आहे.

हाड जुळल्यावर, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर, चालण्याला ताकदीच्या व्यायामांची जोड द्यायची. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं इथून सुरुवात होते, आणि पहिल्या दिवशी बहुतेकांना तेवढंही पुरतं.