सौम्य कूर्चार्बुदांच्या निदानातील बोन स्कॅन

हाडात वाढणाऱ्या कूर्चेच्या कर्करोग नसलेल्या गाठींचा शोध घेताना जोडीला केली जाणारी अणुवैद्यकीय तपासणी. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य एमडीपी या फॉस्फोनेट संयुगाला जोडून शिरेतून टोचतात. दोन ते चार तासांनी गॅमा कॅमेरा सबंध सांगाड्याची प्रतिमा घेतो. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सहा तासांचे आहे.

जिथे नवे हाड घडत असते तिथल्या खनिजाला एमडीपी चिकटते आणि ती जागा गडद उमटते. कूर्चा स्वतः मात्र, तिच्यात खनिज साचत नसेल तर, या स्कॅनला जवळजवळ अदृश्यच असते. दिसते ती गाठीभोवती हाडाने चालवलेली डागडुजी. अहवाल वाचताना हे विसरले की गफलत होते.

दुर्मीळ गाठींपैकी कॉन्ड्रोब्लास्टोमाचे वर्णन शल्यविशारद कॉडमन यांनी १९३१ मध्ये दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या संदर्भात केले. आजचे नाव विकृतिशास्त्रज्ञ जाफे आणि लिक्टेनस्टाइन यांनी १९४२ मध्ये दिले. त्याहून विरळा कॉन्ड्रोमिक्सॉइड फायब्रोमा याच दोघांनी १९४८ मध्ये वेगळा ओळखला. कॉन्ड्रोब्लास्टोमा स्कॅनवर सहसा ठळक उमटतो. पण तो बहुधा किशोरवयात, हाडाच्या अगदी टोकाशी होतो आणि त्या वयात शेजारचा वृद्धिपट्टही (हाडाची लांबी जिथून वाढते तो कूर्चेचा पट्टा) तितकाच गडद दिसतो. म्हणून दुसऱ्या बाजूच्या सांध्याशी तुलना केल्याशिवाय मत देऊ नये.

एन्कॉन्ड्रोमा, म्हणजे हाडाच्या आत वाढणारी कूर्चेची सौम्य गाठ, तुलनेने नेहमीचा, आणि खरी डोकेदुखी त्याचीच. दुसऱ्याच कर्करोगासाठी केलेल्या स्कॅनमध्ये मांडीच्या हाडात अवचित डाग दिसतो आणि तो पसरलेला कर्करोग वाटू शकतो. हात-पायांच्या लांब हाडांतील अशा गाठीची गडदता नितंबास्थीच्या पुढच्या उंचवट्याशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. गाठ त्याहून गडद असेल तर कॉन्ड्रोसार्कोमाचा, म्हणजे कूर्चेच्या कर्करोगाचा, संशय बळावतो. पण गाठीच्या जागी हाड मोडले असेल तर सौम्य गाठही तशीच दिसते.

ऑलिए रोग किंवा माफुची सिंड्रोममध्ये एन्कॉन्ड्रोमाच्या गाठी अनेक असतात. तिथे एकाच फेरीत पूर्ण सांगाडा दिसणे सोयीचे ठरते. ऑस्टिओकॉन्ड्रोमा, म्हणजे हाडातून बाहेर वाढणारा, कूर्चेची टोपी असलेला उंचवटा, प्रौढपणी बहुधा शांत होतो. तो पुन्हा गडद दिसू लागला तर एमआरआयवर त्याच्या कूर्चेच्या टोपीची जाडी मोजतात. २ सेंटिमीटरहून अधिक जाडी काळजीची मानली जाते.

निदानाची सुरुवात साध्या एक्स-रेपासूनच होते. बायोप्सीचा तुकडाही एकट्याने पुरत नाही, कारण एन्कॉन्ड्रोमा आणि कमी श्रेणीचा कॉन्ड्रोसार्कोमा सूक्ष्मदर्शकाखाली फसवण्याइतके सारखे दिसतात. विकृतिशास्त्रज्ञ काचपट्टीसोबत एक्स-रेही मागवतो.