तेलाचा दाब पंपात नव्हे, फटीत ठरतो

नव्याने बांधलेल्या इंजिनात तेलाचा दाब कमी दिसू लागला की पहिला आरोप ऑईल पंपावर ठेवला जातो. पंप बदलला जातो, काटा थोडासा वर सरकतो किंवा होता तिथेच राहतो, आणि मग नवा पंपही ‘डुप्लिकेट’ निघाला असे ठरवून तिसऱ्याचा शोध सुरू होतो. गोव्यात हा प्रसंग दुर्मीळ नाही. १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत आयात झालेल्या युरोपीय मोटारी आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या प्रीमियर पद्मिनी व अँबॅसॅडर हौशी मालकांनी अजून जपून ठेवल्या आहेत. त्यांची इंजिने पूर्ण खोलून, क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) घासून आणि नवी बेअरिंगे घालून पुन्हा बांधली जातात. एवढा खर्च झाल्यावर गाडी चोर्ला घाट चढून माथ्यावर थांबते, इंजिन आयडलला, म्हणजे उभ्या गाडीतल्या किमान वेगाला, येते आणि नेमका तेव्हाच डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा लाल दिवा लुकलुकू लागतो.

या गोंधळाच्या मुळाशी एक साधा गैरसमज आहे, तो म्हणजे पंप दाब निर्माण करतो हा. जुन्या इंजिनांतला गिअर पंप प्रत्येक फेरीला तेलाचे जवळजवळ ठरावीक आकारमान पुढे ढकलतो, आणि त्याचे काम तिथेच संपते. त्या प्रवाहाला पुढे जितका अडथळा मिळेल तितका दाब मागे साठतो. कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, शिंपणीसाठी टाकलेल्या पाइपला ठिकठिकाणी तोट्या असतात. एक-दोनच उघडल्या तर पाण्याला जोर असतो, सगळ्या उघडल्या तर शेवटच्या माडापर्यंत जेमतेम धार पोहोचते, आणि दोन्ही वेळा विहिरीवरचा पंप तोच असतो. इंजिनाच्या ब्लॉकमधून जाणारी मुख्य तेलनळी, म्हणजे गॅलरी, हा असाच एक पाइप आहे. मेन बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची बिग-एंड बेअरिंगे, कॅमशाफ्टची बेअरिंगे आणि वरचा रॉकर शाफ्ट या त्याच्या तोट्या होत. त्या कधीच पूर्ण बंद नसतात, कारण त्यांतून तेल गळत राहणे हेच त्यांचे काम आहे. दाबाचा काटा प्रत्यक्षात या एकूण गळतीची बातमी देत असतो.

येथे चौकस वाचकाला प्रश्न पडेल की फिरत्या शाफ्टला धातूपासून अलग उचलून धरण्याइतका जोर पंपाच्या दर चौरस इंचाला चाळीस-पन्नास पाउंडांत असतो का? तो नसतो. हे कळण्याची हकीकत मोठी रंजक आहे. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांतील घर्षण मोजत होते. त्यांचा पहिला अहवाल १८८३चा आहे. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तर आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून वर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकत बाहेर आली. अखेर त्यांनी तिथे दाबमापक बसवला, तेव्हा त्याचा काटा दर चौरस इंचाला २०० पाउंडांची शेवटची खूण ओलांडून गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार याच्या निम्मा, १०० पाउंडांचा होता. त्या प्रयोगात पंप नव्हता; आस फक्त तेलात अर्धवट बुडून फिरत होती.

मग हा दाब आला कुठून? मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. फिरणारा शाफ्ट भारामुळे बेअरिंगच्या मध्यापासून किंचित सरकलेला असतो, त्यामुळे त्याच्याभोवतीची फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती होते. शाफ्टच्या पृष्ठभागाला चिकटलेले तेल फिरता फिरता त्या निमुळत्या जागेत ओढले जाते. पुढे जागा कमी आणि मागून तेल येतच आहे, अशा कोंडीत तेलाची पाचर तयार होते आणि तिच्यातला दाब पंपाच्या दाबाच्या कितीतरी पटींनी वाढतो. शाफ्ट त्या पाचरीवर अक्षरशः तरंगतो, आणि भार सर्वाधिक असतो तिथे तेलाच्या थराची जाडी अवघी काही मायक्रॉन उरते. ही पाचर टिकण्यासाठी गती, निमुळती फट आणि तेलाची श्यानता, म्हणजे घट्टपणा, या तीन गोष्टी लागतात. पंपाकडे काम उरते ते पाचरीच्या कडांनी जेवढे तेल निसटते तेवढे नवे पोहोचवण्याचे, आणि ते शेवटच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते की नाही, हे काट्यावरून ओळखायचे.

आता गळतीचा हिशेब पाहू, कारण सगळे निदान याच हिशेबावर उभे आहे. दोन पृष्ठभागांमधून वाहणाऱ्या तेलाचा भिंतींना टेकलेला थर भिंतीला धरून राहतो आणि मधला थर सर्वांत वेगाने पुढे जातो. फट दुप्पट केली की दोन्ही भिंतींचा पकडून ठेवण्याचा परिणाम मध्यापासून दूर जातो आणि वेग चौपट होतो. शिवाय वाहण्याची जागा दुप्पट झालेली असतेच. म्हणजे गळती दोनचा घन, आठ पट. सर्वसाधारण संकेत असा की शाफ्टच्या व्यासाच्या दर इंचामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, इतकी फट ठेवावी. ५० मिलिमीटरच्या आसपासच्या शाफ्टला ती साधारण ०.०५ मिलिमीटर येते. ग्राइंडिंग मशीनवर क्रँकशाफ्ट घासताना जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा भाग, मापापेक्षा ०.०२ मिलिमीटर जास्त घासले गेले, तर फट ०.०७ होते. वाढ किरकोळ दिसते, पण १.४चा घन २.७४ होतो आणि गळती जवळजवळ पावणेतीन पट होते. गरम इंजिनात आयडलला जिथे २० पाउंड मिळायला हवे होते, तिथे सगळी बेअरिंगे अशीच सैल असतील तर सातच पाउंड उरतात, आणि दिव्याचा स्विच बहुधा पाच-सात पाउंडांच्या आसपासच लागतो. आणखी एक बारकावा असा की शाफ्ट मध्यभागी नसून पूर्णपणे एका बाजूला टेकलेला असेल, तर तेवढ्याच सरासरी फटीतून अडीच पट गळती होते. रुंद झालेली बाजू घनाच्या हिशेबाने जितके जास्त सोडते, तितके अरुंद बाजू वाचवू शकत नाही.

हिशेबातला दुसरा भाग तेलाच्या श्यानतेचा. जुन्या इंजिनांत सर्रास वापरले जाणारे २०डब्ल्यू-५० तेल ४० अंश सेल्सिअसला जितके घट्ट असते, त्याच्या आठव्या-नवव्या हिश्श्याइतकेच १०० अंशांना उरते. त्यामुळे सकाळी गाडी सुरू करताच दिसणारा भरघोस दाब कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. परीक्षा घ्यायची ती वीस-तीस किलोमीटर गाडी चालवल्यानंतर, आयडलला. शिवाय पंप कॅमशाफ्टवरून फिरत असल्यामुळे मिनिटाला ७०० फेऱ्यांवर त्याचा प्रवाह ३,५०० फेऱ्यांवरच्या प्रवाहाच्या एक पंचमांश असतो. पातळ तेल आणि तुटपुंजा प्रवाह, दोन्ही एकाच वेळी. दिवा घाटमाथ्यावर थांबल्यावरच का लागतो, याचे उत्तर हेच.

निदानाची सुरुवात मात्र काट्यावरच अविश्वास दाखवून करावी. काट्याला दाबाचे माप पाठवणारे, विजेवर चालणारे जुने सेंडर चुकीची मापे दाखवतात. त्याच्या जागी यांत्रिक दाबमापक जोडून खरा आकडा पाहावा. त्यानंतर डिपस्टिक काढून पातळी पाहावी आणि तेलाचा वासही घ्यावा. जुन्या गाड्यांत पेट्रोल पंप ब्लॉकवर बसवलेला असतो आणि त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या पात्रात, उतरते. अशा वेळी पातळी वाढते आणि दाब घटतो.

दाब फेऱ्यांनुसार कसा बदलतो, हे त्यापुढचे सर्वांत बोलके लक्षण. थंड असताना उत्तम, गरम आयडलला कमी आणि फेऱ्या वाढवताच पुन्हा ठीक, असे असेल तर फटींचा संशय घ्यावा. फेऱ्या वाढवूनही काटा एका खालच्या आकड्यावर अडून राहत असेल, तर जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याची शक्यता मोठी. बांधणीच्या वेळी राहिलेला धातूचा कीस त्याच्या बैठकीत अडकतो. काटा थरथरत असेल, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आहे: चेंबरमधली सक्शन नळी तडकलेली आहे किंवा तिचा गॅस्केट बसवायचाच राहिला आहे. फेऱ्या वाढवल्यावर दाब उलट कोसळत असेल, तर सक्शन नळीच्या तोंडावरची जाळी पाहावी. गॅस्केटला सढळ हाताने फासलेल्या सिलिकॉनचे तुकडे तिथे हमखास सापडतात.

बांधणीतल्या चुकांपैकी सर्वांत चकवणारी चूक गॅलरीच्या प्लगची, म्हणजे तिच्या बुचाची, असते. ब्लॉक धुण्यासाठी हे प्लग काढतात, आणि टायमिंग कव्हरच्या आतला एखादा परत लावायचा राहून जातो. तेल बाहेर सांडत नाही, आतल्या आत चेंबरमध्ये परत येते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. कॅमशाफ्टची बुश भोक जुळवून न बसवणे, मेन बेअरिंगांचे खाचेचे आणि बिनखाचेचे शेल (अर्धगोल पट्ट्या) अदलाबदल करणे, या त्याच जातीच्या चुका आहेत. पंपही दर वेळी निर्दोष असतो असे नाही. त्याचे गिअर आणि झाकण यांच्यातली फट वाढली तर तिथेही तोच घनाचा नियम लागू होतो. पण ती फट सरळ पट्टी ठेवून फिलर गेजच्या पातळ पात्यांनी काही मिनिटांत मोजता येते, आणि न मोजता पंप बदलण्याला मी तरी निदान म्हणणार नाही.

दोन लोकप्रिय उपायांविषयीही लिहायला हवे. पहिला, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालण्याचा. हा व्हॉल्व्ह दाब कमाल मर्यादेला पोहोचल्यावरच उघडतो. गरम आयडलला तो धड असेल तर मुळातच बंद असतो, म्हणून स्प्रिंग कितीही कडक केली तरी आयडलच्या दाबात काडीचा फरक पडत नाही. थंड इंजिनात मात्र दाब वाजवीपेक्षा वाढतो. दुसरा उपाय बाटलीतल्या चमत्कारी द्रवाचा. यांतली बरीचशी द्रव्ये तेल घट्ट करतात, त्यामुळे काटा वर जातो. पुष्कळ चाललेल्या, थोड्या झिजलेल्या इंजिनाला एक पायरी घट्ट तेल घालणे समजण्यासारखे आहे, पण नुकत्याच बांधलेल्या इंजिनात तो दोष झाकण्याचा प्रकार ठरतो. इंजिनाला दृष्ट लागली म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना आपण हसतो; ती बांधून दाब वाढत नाही हे खरे, परंतु लिंबू निदान तेलात तरी मिसळत नाही.

फटींचा संशय पक्का झाला, तर इंजिन पुन्हा पूर्ण खोलण्यापूर्वी करण्याजोगी एक जुनी आणि अतिशय सुंदर चाचणी आहे. चेंबर काढून, बाहेरच्या एका टाकीतून हवेच्या दाबाने गॅलरीत तेल सोडायचे आणि गाडीखाली दिवा धरून पाहायचे. ठीक असलेल्या बेअरिंगच्या कडेने तेल थेंबाथेंबाने पडते, सैल बेअरिंगमधून धार लागते, आणि ज्या बेअरिंगमधून काहीच पडत नाही तिथली वाट बुजलेली असते. क्रँकशाफ्ट हाताने हळूहळू फिरवत राहावे, कारण भोके समोरासमोर आली की थोडा वेळ गळती वाढणे स्वाभाविक आहे. विसरलेला प्लग असेल तर तोही येथेच उघडा पडतो. त्यानंतर फक्त संशयित बेअरिंगची कॅप उघडून त्यात प्लास्टिगेजचा, म्हणजे दाबल्यावर चपटा होणाऱ्या मऊ प्लास्टिकचा, धागा ठेवावा, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळून परत काढावी आणि चपटा झालेल्या धाग्याच्या रुंदीवरून फट वाचावी.

इंजिन बांधून पावसाळाभर तसेच ठेवले असेल, तर या सगळ्याआधी आणखी एक शक्यता तपासावी लागते. पंपातले तेल तोपर्यंत खाली उतरून गेलेले असते आणि कोरडे गिअर तेल वर ओढू शकत नाहीत. अशा वेळी पंप उघडून गिअरांमध्ये पेट्रोलियम जेली भरावी, स्पार्क प्लग काढून ठेवावेत आणि इंजिन नुसत्या स्टार्टरवर थोडे थोडे, मध्ये स्टार्टरला विश्रांती देत, फिरवावे. प्लग परत लावायचे ते दाबमापकाचा काटा वर गेल्यावरच.