विमान उडत राहतं. अवघड असतं ते उतरवणं

१० मे २०२२. बहामातल्या मार्श हार्बरहून फ्लोरिडाला निघालेलं एक छोटं सेसना कॅरव्हॅन समुद्रावरून चाललं होतं. आत तिघंच, पायलट आणि दोन प्रवासी. डोकं दुखतंय, कसंतरी होतंय, असं पायलट म्हणाला आणि थोड्याच वेळात त्याची शुद्ध हरपली. विमान नाक खाली करून समुद्राच्या दिशेने सुटलं. कधीही विमान न चालवलेला एक प्रवासी पुढे आला, बेशुद्ध पायलटच्या अंगावरून हात घालून त्याने योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, धरला आणि हळूहळू मागे ओढला. पुढे हेच विमान त्याने पाम बीचच्या विमानतळावर सुखरूप उतरवलं.

बातम्यांनी याला चमत्कार म्हटलं. धाडस होतंच, पण चमत्कार म्हटलं की त्यातलं विज्ञान निसटून जातं.

सगळ्यात मोलाचं काम त्याने रेडिओला हात लावण्याआधीच केलं होतं: योक हळू ओढला. खाली झेपावणाऱ्या विमानाचा वेग भराभर वाढतो, आणि पंखांवर येऊ शकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट. अशा वेळी घाबरून योक खसकन ओढला तर पंख मोडू शकतात. वेग कमी असेल तर धोका वेगळा. पंख हवेला साधारण १५ अंशांपेक्षा जास्त कोनात सामोरा गेला की त्याच्या वरून वाहणारी हवा सुटते आणि विमानाला तोलून धरणारा जोर एकदम घटतो. याला ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पायलटला झालं होतं महाधमनीचं विदारण. हृदयातून निघणाऱ्या या मुख्य रक्तवाहिनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर पडली की रक्त दाबाने थरांमध्ये घुसतं, आणि ओल शिरलेल्या भिंतीचा गिलावा सुटत जावा तसे थर एकमेकांपासून सुटत जातात. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या याच महाधमनीच्या कमानीतून फुटतात, त्यामुळे माणूस अचानक भ्रमिष्टासारखा बोलू लागतो किंवा बेशुद्ध पडतो. उपचाराविना यात तासागणिक मृत्यूचा धोका वाढतो. हा पायलट शस्त्रक्रियेनंतर वाचला.

विमान एकदा सरळ झाल्यावर मात्र परिस्थिती आपल्याला वाटते तेवढी बिकट नव्हती. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुद्दाम थोडा पुढे ठेवलेला असतो, म्हणजे नाक जड. ते जडपण शेपटीचा आडवा पंख शेपटीला खाली दाबून तोलतो. नाक झुकलं की वेग वाढतो, वेग वाढला की शेपटीवरचा दाब वाढतो आणि नाक परत वर येतं. कोणी काही न करता विमान आपल्या ठरलेल्या वेगाकडे परतू पाहतं. डावी-उजवीकडे झुकण्याच्या बाबतीत ते इतकं समजूतदार नसतं. एकदा एका बाजूला कललं आणि तसंच सोडलं, तर ते गिरकी घेत खाली येऊ लागतं, आणि ही गिरकी आवळत जाते. म्हणूनच प्रवाशाने रेडिओवर मदत मागितल्यावर कंट्रोलरची, म्हणजे जमिनीवरून विमानांना मार्गदर्शन करणाऱ्याची, सुरुवातीची सूचना होती: पंख समतल ठेव आणि किनाऱ्याच्या कडेने उडत राहा. विमान नेमकं कुठे आहे हे प्रवाशालाही ठाऊक नव्हतं. रडारवर ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या बोका रॅटन शहराजवळ सापडलं.

पाम बीचचा जो कंट्रोलर पुढे त्याच्याशी बोलत होता, तो स्वतः उड्डाण प्रशिक्षक होता, पण कॅरव्हॅन त्याने कधी चालवलं नव्हतं. त्याने त्या कॉकपिटचं चित्र छापून समोर ठेवलं आणि एका वेळी एकच गोष्ट सांगत गेला. मला विचाराल तर या गोष्टीतला निम्मा वाटा त्या शांत आवाजाचा. घाबरलेल्या माणसाला चार सूचना एकदम दिल्या तर त्यातली एकही धड पार पडत नाही.

खरी परीक्षा शेवटच्या काही सेकंदांची. ताशी १४० किलोमीटर वेगाने ३ अंशांच्या उतारावरून येणारं विमान सेकंदाला साधारण २ मीटर खाली येतं. त्याच वेगाने जमिनीला टेकलं तर दणका बसतो, म्हणून अगदी शेवटी नाक हलकेच उचलून ते खाली येणं मंदावायचं असतं. लवकर उचललं तर विमान उंचावरच वेग गमावून आदळतं, उशिरा उचललं तर पुढचं चाक आधी टेकतं. त्यात जमिनीलगत पंखांखालची हवा वेगळी वागते, हवेचा अडथळा घटतो आणि विमान टेकायचं सोडून तरंगत पुढे जातं. म्हणून सुमारे ३ किलोमीटर लांब धावपट्टीचं विमानतळ निवडलं गेलं. कॅरव्हॅनची चाकं कायम बाहेरच असतात, ती काढायला विसरण्याचा प्रश्न नव्हता. हवाही स्वच्छ होती. ढगांत हाच प्रसंग आला असता तर काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

मोठ्या प्रवासी विमानात ही वेळ सहसा येत नाही, आणि त्यामागे एक सरळ हिशेब आहे. पायलट अचानक अक्षम होण्याची शक्यता वर्षाला १ टक्क्यापेक्षा कमी असावी, असा वैद्यकीय तपासणीत वापरला जाणारा एक निकष आहे. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ढोबळमानाने १० लाख तासांत एकदा. पण घातक ठरतो तो उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या आसपासचा काळ, तो एकूण वेळेच्या दहावा भाग धरतात. त्यातही शेजारी दुसरा पायलट असतो, आणि सिम्युलेटरच्या, म्हणजे उड्डाणाचा सराव देणाऱ्या यंत्राच्या, चाचण्यांवरून त्याला विमान सावरता न येण्याचं प्रमाण शंभरात एक धरलं जातं. तिन्हींचा गुणाकार १ अब्ज तासांत एक. बऱ्याच विमान कंपन्या दोघा पायलटांना जेवणही वेगवेगळं देतात, ते याच सावधगिरीपोटी.

मार्च २०२३ मध्ये लास वेगासहून निघालेल्या साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीच्या विमानात एक पायलट आजारी पडला. तेव्हा प्रवाशांत बसलेला दुसऱ्या कंपनीचा पायलट कॉकपिटमध्ये गेला, पण त्याने सांभाळला तो रेडिओ. विमान उतरवलं ते त्याच विमानाच्या दुसऱ्या पायलटने.

एकट्या पायलटच्या छोट्या विमानांसाठी आता वेगळा उपाय आला आहे. गार्मिन कंपनीच्या ऑटोलँड प्रणालीला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रवाशाने एक बटण दाबायचं. मग हवामान, इंधन, धावपट्टीची लांबी पाहून विमानतळ निवडणं, रेडिओवरून संकट कळवणं, उतरणं, ब्रेक लावणं आणि इंजिन बंद करणं, हे सगळं यंत्रच करतं. प्रवाशांनी कंट्रोल्सपासून हातपाय दूर ठेवावेत, असं ते सांगतं.