नेफिलीम

नेफिलीम : प्राचीन यहुदी वाङ्मयातील महाकाय वंश. परंपरेने देवदूत आणि मानवी स्त्रिया यांची संतती मानलेला. किशोर व तरुण वाचकांसाठीच्या आजच्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांत हेच नाव दुरात्म्यांची शिकार करणाऱ्या अर्धदेवदूतांना दिलेले आढळते. मूळ परंपरेत भूमिका जवळजवळ उलटी आहे : तेथे दुरात्मे नेफिलिमांपासूनच उत्पन्न होतात.

बायबलच्या जुन्या करारात त्यांचे निश्चित उल्लेख दोनच. उत्पत्ती ६.१–४ मध्ये देवपुत्र मानवकन्यांशी विवाह करतात आणि ‘त्या काळी व त्यानंतरही’ पृथ्वीवर नेफिलीम असल्याचे सांगितले आहे. ते या विवाहांची संतती की केवळ समकालीन, हे वाक्यरचनेवरून ठरत नाही. गणना १३.३३ मध्ये कनान देश हेरून आलेले लोक आपण नेफिलिमांपुढे टोळांसारखे दिसत होतो, असे सांगतात. जलप्रलयानंतर ते उरले कसे, हा प्रश्न यातून उभा राहतो. म्हणूनच उत्पत्तीतील ‘त्यानंतरही’ हे शब्द मागाहून जोडलेले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. नामाचा संबंध सामान्यतः ‘पडणे’ या अर्थाच्या सेमिटिक धातूशी लावतात.

कथेला पूर्ण रूप मिळते ते हनोखाच्या पुस्तकात, म्हणजे हनोखाच्या नावावरील प्राचीन यहुदी ग्रंथात. त्यातील ‘पहारेकऱ्यांचा (म्हणजे देवदूतांचा) ग्रंथ’ (अध्याय १–३६) बहुधा इ. स. पू. तिसऱ्या शतकातील असावा. शेमिहाजा याच्या नेतृत्वाखाली २०० देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात आणि शपथेने एकमेकांना बांधून घेऊन बायका करतात. असाएल (अझाझेल) माणसांना शस्त्रे घडवणे आणि प्रसाधने शिकवतो. या देवदूतांची राक्षसी मुले आधी माणसांचे धान्य, मग माणसे आणि शेवटी एकमेकांचे मांस खातात. मायकेल, राफाएल, गॅब्रिएल इत्यादी प्रमुख देवदूतांकरवी त्यांचा नाश होतो. निर्णायक भाग मात्र पंधराव्या अध्यायात आहे : मृत राक्षसांच्या देहांतून निघालेले आत्मे पृथ्वीवरच राहतात आणि माणसांना छळतात. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील जुबिली ग्रंथानुसार या आत्म्यांपैकी दशांश मस्तेमा या त्यांच्या प्रमुखाच्या हाताखाली मोकळे ठेवले गेले.

हनोखाचा हा ग्रंथ संपूर्ण स्वरूपात गीझ या इथिओपियाच्या प्राचीन भाषेतच उरला. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्च तो धर्मग्रंथ मानते. स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूसने त्याची हस्तलिखिते १७७३ मध्ये युरोपात आणली आणि रिचर्ड लॉरेन्सचे इंग्रजी भाषांतर १८२१ मध्ये निघाले. मृत समुद्राजवळील कुम्रान येथे सापडलेले त्याचे अरामी तुकडे अभ्यासक मिलिक यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केल्यावर त्याच्या प्राचीनतेविषयीचा संशय मावळला. कुम्रानच्याच ‘राक्षसांच्या ग्रंथा’त गिल्गामेश (मेसोपोटेमियाच्या प्राचीन महाकाव्याचा नायक) हे एका राक्षसाचे नाव आहे. मेसोपोटेमियाशी असलेला हा धागा उपेक्षणीय नाही.

देवपुत्र कोण, हा वाद जुना आहे. इ. स. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर त्यांना देवदूत मानतो आणि दुरात्मे त्यांचीच संतती असल्याचे लिहितो. रब्बी शिमोन बर योहाई यांनी ‘देवाचे पुत्र’ असा अर्थ करणाऱ्यांना शाप दिल्याचे मिद्राशात (धर्मग्रंथावरील प्राचीन यहुदी भाष्यात) नमूद आहे. त्यांच्या मते हे न्यायाधीशांचे पुत्र. ख्रिस्ती धर्मवेत्ता ऑगस्टीन याने त्यांना शेथाचे (आदामाच्या पुत्राचे) धार्मिक वंशज ठरवले आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये हे मत दीर्घकाळ टिकले. हिब्रू संहितेच्या भाषेला देवदूतांचा अर्थ अधिक जुळतो. ईयोबाच्या पुस्तकातही ‘देवपुत्र’ स्वर्गीय सभेतच दिसतात. हनोखातील कथेची प्रेरणा आधुनिक अभ्यासकांपैकी निकल्सबर्ग अलेक्झांडरच्या वारसांच्या युद्धांत शोधतात, तर सूटर पुरोहितांच्या निषिद्ध विवाहांत. राक्षसी मुलांच्या रक्तपिपासेवरील भर पाहता पहिले मत अधिक पटते, परंतु दोन्ही परस्परविरोधी नाहीत.

साहित्यात बायरन आणि टॉमस मूर यांनी १८२३ मध्ये हा विषय काव्यात आणला, तो मुख्यतः निषिद्ध प्रेमाची कथा म्हणून. मॅडलिन लेंगल यांच्या १९८६ च्या किशोर-कादंबरीत नेफिलीम हे संतती नसून स्वतः पतित देवदूत आहेत. कॅसँड्रा क्लेअर यांच्या ‘सिटी ऑफ बोन्स’पासून (२००७) सुरू झालेल्या मालिकेत राझिएल हा देवदूत आपले व मानवी रक्त एका चषकात मिसळतो आणि ते पिणाऱ्यांतून शिकाऱ्यांचा वंश निघतो. विवाहाच्या जागी चषक आल्याने अपराधाचे रूपांतर दीक्षेत होते, आणि नायक देवदूतवंशी असूनही निष्कलंक राहतात. शिकारी आणि शिकार यांचे जुने नातेही येथे तुटते, कारण या मालिकेतले दुरात्मे अन्य जगांतून येतात. संकराचा कलंक तिथे जादूगारांकडे सरकला आहे. ते दुरात्मे आणि माणसे यांची संतती असून अंगावर जन्मखूण बाळगतात आणि निःसंतान राहतात. हनोखातील राक्षसांच्या अधिक जवळचे तेच.