वणव्याचा ढग वणवा विझवत नाही

'वणवा भडकला की त्यावर ढग जमतो, पाऊस पडतो आणि आग आपोआप विझते' हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. यातला ढग खरा आहे. विझण्याचा भाग बहुतेक वेळा खोटा, आणि त्यावर विसंबणं जिवावर बेतू शकतं.

वणव्याची तप्त हवा वेगाने वर चढते, थंड होते आणि बाष्पाचे थेंब बनतात. हे बाष्प मुख्यतः भोवतालच्या हवेतलं असतं. जळत्या झाडांतलं थोडंच. धुराचे कण मात्र अगणित. तेवढंच पाणी इतक्या कणांवर वाटलं गेल्याने थेंब फार बारीक राहतात, एकमेकांत मिसळून जड होत नाहीत. क्वचित जोरदार सरी येतात, पण बराचसा पाऊस खालच्या कोरड्या हवेतच विरतो. त्यामुळे गारठलेली हवा जमिनीवर आदळते, चौफेर सोसाट्याचा वारा सुटतो आणि आग भलत्याच दिशेला वळते.

वीज तर आणखी घातक. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर गेला होता. व्हिक्टोरिया राज्यातल्या त्या दिवशीच्या वणव्यांनी १७३ बळी घेतले. तिथे वणव्यावर उभ्या राहिलेल्या ढगातल्या विजेने मूळ आगीच्या सुमारे १०० किलोमीटर पुढे नवी आग लावली. म्हणूनच अग्निशमन दलं असा ढग दिसला की त्याला धोक्याची खूण मानतात.