मॅक्सवेलचा भोवरा आणि लाल न दिसणारी काच

जेम्स क्लार्क मॅक्सवेल म्हटलं की विद्युतचुंबकत्वाची समीकरणं आठवतात. पण १८६० साली रॉयल सोसायटीने या एडिनबर्गच्या माणसाला रम्फर्ड पदक दिलं, ते रंगांवरच्या कामासाठी. त्या कामाचं सुरुवातीचं मुख्य साधन होतं एक भोवरा.

भोवऱ्याच्या सपाट माथ्यावर तीन रंगीत कागदी चकत्या बसायच्या: हिंगुळासारखी लाल, पाचूसारखी हिरवी आणि कपड्यांच्या निळीची निळी. प्रत्येक चकतीला मध्यापासून कडेपर्यंत एक चीर. चिरेतून चकत्या एकमेकींत सरकवल्या की कोणता रंग किती दिसावा हे हवं तसं बदलता येई. वर मधोमध काळ्या आणि पांढऱ्या कागदाच्या दोन लहान चकत्या, तशाच गुंतवलेल्या. कडेला शंभर भाग आखलेले. भोवरा जोरात फिरवायचा. बाहेरचं कडं लालसर दिसलं तर थांबवून लाल थोडा झाकायचा, मधला राखाडी फार उजळ वाटला तर काळा वाढवायचा. कडं आणि मधला भाग वेगळे ओळखू येईनासे झाले की आकडे वाचायचे. १८५५च्या निबंधातला एक निकाल असा: ३७ भाग लाल, २७ निळा, ३६ हिरवा मिळून २८ पांढरा आणि ७२ काळा. उजेड बदलला की आकडेही बदलतात. दिवसाचं समीकरण गॅसच्या दिव्याखाली जुळत नाही. रंगांध माणसांना तर पाचाऐवजी चारच कागद पुरत. म्हणजे डोळ्यातल्या तीन संवेदनांपैकी त्यांची एक कमी, असा मॅक्सवेलचा निष्कर्ष.

निळ्या-पिवळ्या रंगाची पूड कालवली तर हिरवा होतो, भोवऱ्यावर मात्र होत नाही. कालवलेल्या रंगात एक कण दुसऱ्याचा प्रकाश शोषतो. भोवऱ्यावर दोन्ही प्रकाशांची डोळ्यात बेरीज होते.

ही बेरीज पडद्यावर दाखवायची म्हणून १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोग झाला. छायाचित्रकार थॉमस सटन यांनी काळ्या मखमलीवर टाचलेल्या रंगीबेरंगी फितीची कृष्णधवल छायाचित्रं भर उन्हात घेतली, दर वेळी भिंगापुढे वेगळं रंगीत द्रावण ठेवून. अमोनिया मिसळलेल्या मोरचुदाच्या निळ्या द्रावणातून छायाचित्र उमटायला ६ सेकंद पुरले. तांब्याच्या क्लोराइडचं हिरवं द्रावण बरंच पातळ करूनही १२ मिनिटं लागली. लोहाच्या थायोसायनेटच्या लाल द्रावणातून ८ मिनिटं. मग त्याच द्रावणांतून तीन दिव्यांनी तिन्ही चित्रं पडद्यावर एकावर एक पाडली. फीत रंगीत दिसली. लाल आणि हिरवा निळ्याइतके नीट उतरले नव्हते, हे मॅक्सवेलनेच सांगून टाकलं.

खरं तर लाल उतरायलाच नको होता! तेव्हा छायाचित्रं काचेवर घेत, तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील अशा ओल्या कलोडियनचा चिकट थर देऊन; या काचांना निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील एवढाच प्रकाश कळे. हे कोडं शंभर वर्षांनी, १९६१मध्ये, कोडॅक या छायाचित्रण कंपनीच्या राल्फ इव्हान्स यांनी उलगडलं. लाल द्रावणातून थोडा अतिनील प्रकाश निसटत होता आणि लाल रंगवलेलं कापडही अतिनील परावर्तित करतं. त्यामुळे लाल पट्टे काचेवर उमटले ते अतिनीलाच्या कृपेने. हिरव्यात, लांबवलेल्या वेळात, निळसर-हिरव्या कडेचा थोडा प्रकाश कामी आला. सिद्धांत बरोबर, पुरावा मात्र नशिबाचा. हिरवा प्रकाश खरोखर टिपणाऱ्या काचा, रंजकद्रव्य मिसळून, जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांनी १८७३ साली तयार केल्या.