सोय वेगळी, खूण वेगळी

काचेचं दार आहे. त्याला मुठीत बसेल अशी उभी दांडी. हात आपसूक दांडीकडे जातो, आपण ओढतो आणि दार हलत नाही. मग दांडीच्या वर चिकटवलेली 'ढकला' अशी चिठ्ठी दिसते. ढकलण्याची सोय या दारात पहिल्यापासून होती, खूण मात्र ओढण्याची होती.

डिझाइनमध्ये सोयीला अफोर्डन्स आणि खुणेला सिग्निफायर म्हणतात, पण सर्रास दोन्हींना अफोर्डन्सच म्हटलं जातं.

अफोर्डन्स हा शब्द मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी घडवला. वस्तू आणि तिच्याशी गाठ पडणारा जीव यांच्या मेळातून जे करणं शक्य होतं, ते अफोर्डन्स. मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढं स्टूल त्याला बसायला उपयोगी पडतं. रांगणाऱ्या बाळाला तेच धरून उभं राहायला. शिवाय ही सोय कुणाच्या लक्षात आली नाही तरी असतेच. गुप्त कप्पा सापडण्याआधीही उघडता येण्याजोगाच असतो.

१९८८ साली डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांनी हा शब्द डिझाइनमध्ये रुळवला, तो जाणवणाऱ्या सोयीवर भर देऊन. घोळ तिथून वाढला. 'स्क्रीनवरच्या बटणाला सावली दिली की अफोर्डन्स येतो' हे वाक्य मला फार खटकतं. टचस्क्रीनवर बोट कुठेही टेकवता येतं. कुठे टेकवलं तर काही घडेल, एवढंच सावली सांगते. म्हणूनच २००८ साली नॉर्मन यांनीच सिग्निफायर हा शब्द पुढे केला. (भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या चिन्हमीमांसेतल्या 'चिन्हका'लाही इंग्रजीत सिग्निफायरच म्हणतात, पण तो वेगळा, तो चिन्हाचा अर्धा भाग, दुसरा अर्धा म्हणजे 'चिन्हित'.)

दोन्हींची गल्लत का होते, तेही दारावरच दिसतं. दांडी काढून तिथे सपाट पत्रा बसवा. आता पकडायला काही उरत नाही, त्यामुळे त्या बाजूने ओढता येत नाही. आणि तो सपाटपणाच 'तळवा टेकवा' असं सांगतो. सोय आणि खूण एकाच पत्र्यात आली. चांगल्या वस्तूत ती अशी एकजीव होतात, म्हणून वेगळी ओळखू येत नाहीत. चिठ्ठी लावावी लागली, की समजावं त्यांची फारकत झाली आहे.

याउलट कीबोर्डवरच्या एफ आणि जे या कळांवर बोट फिरवून बघा. बारीकशी उंच रेघ लागेल. दाबली जाण्याची सोय सगळ्या कळांना सारखीच आहे, रेघेने त्यात काहीच भर पडत नाही. न बघता तर्जनी जागेवर आली, एवढंच ती कळवते. ती निव्वळ खूण आहे, तीही डोळ्यांसाठी नाही, बोटांसाठी.

आणि प्रत्येक खूण कुणी मुद्दाम केलेली असते असंही नाही. आकड्यांच्या कुलपावरची चारच बटणं झिजून गुळगुळीत झाली असतील, तर उघडण्याच्या क्रमांकात कोणते आकडे आहेत हे मालकाइतकंच चोरालाही वाचता येतं.